नेम धरलेला मेंदू

विसाव्या शतकाच्या तोंडावर तापी व्हॅली रेल्वेचे रूळ सुरतेहून निघून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा अशी गावे घेत अमळनेरला पोचले. खानदेशचा कापूस सुरतेकडे न्यायचा, हा त्यामागचा हिशेब. पण रूळ पडले की कापसाच्या गाठींबरोबर माणसेही हलू लागतात. अमळनेरातल्या एका शिक्षकाला बडोद्याकडे किंवा नर्मदेकाठी जायचे असले तर नंदुरबारवरून जाणारी हीच वाट सोयीची होती. या शिक्षकाचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. पुढे जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागले.

खेळाडूच्या मेंदूचा अभ्यास म्हटले की डोळ्यांपुढे अमेरिकेतली एखादी प्रयोगशाळा येते. डोक्यावर तारांची टोपी घातलेला माणूस आणि समोर पडद्यावर हलणाऱ्या रेषा. हे चित्र खोटे नाही. पण शरीर कमावलेल्या माणसाच्या आत काय चालते ते गुरूला किंवा पोथीला न विचारता यंत्राला विचारावे, ही कल्पना आपल्याकडे खानदेशातल्या या मास्तरांच्या डोक्यात शंभर वर्षांपूर्वी पक्की झाली होती. तिथपासून आजच्या नेमबाजांपर्यंत आणि सातपुड्यातल्या तीरकामठ्यापर्यंत एक वाट काढता येते. ती सरळ नाही, मधे मोठमोठी वळणे आहेत.

गुणे यांचा जन्म १८८३चा, डभोईचा. घरची गरिबी, पण संस्कृतात हुशार. मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेली. बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात त्यांनी १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे काढली. टिळकांचा आणि अरविंदांचा प्रभाव असलेल्या त्या पिढीत तालीम आणि देशकार्य यांत फारसा भेद नव्हता. १९१६ पासून ते अमळनेरात शिकवत होते आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. ते अमळनेरही काही साधेसुधे गाव नव्हते. श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्येच तेथे तत्त्वज्ञान मंदिर काढले होते. वेदान्तावर वाद घालायला लांबलांबून विद्वान येत. साने गुरुजी तिथल्या शाळेत १९२४ साली रुजू झाले, तोवर गुणे मास्तर गाव सोडून गेले होते. राष्ट्रीय वृत्तीचे कॉलेज सरकारला खुपत होतेच. १९२३ मध्ये ते बंद पडले.

त्याआधी १९१९ साली नर्मदेकाठच्या मालसर येथे त्यांची परमहंस माधवदासांशी गाठ पडली. योग शिकले, अनुभव आले. इथपर्यंतची गोष्ट त्या काळातल्या कितीतरी साधकांची आहे. वेगळे ते पुढचे. आलेल्या अनुभवाला शास्त्राचा आधार काय, ही खुटखुट त्यांना स्वस्थ बसू देईना. १९२०-२१च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी काही विद्यार्थ्यांकरवी उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करवून घेतल्या आणि त्या वेळी पोटात काय होते ते क्ष-किरणांखाली आणि दाबमापकाने तपासले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो असे आढळले. या अंशतः निर्वाताला त्यांनी गुरूंचे नाव दिले. ‘माधवदास व्हॅक्यूम’ असे मिश्र नाव असलेली ही बहुधा आपल्याकडची पहिलीच शास्त्रीय संज्ञा असावी! ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला त्यांचा कैवल्यधाम आश्रम उभा राहिला आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले. आसनांची कृती आणि प्रयोगांचे आकडे एकाच मुखपृष्ठाआड छापणारे नियतकालिक त्या काळात दुर्मीळच.

मेंदूपर्यंत मात्र त्यांचे यंत्र पोचत नव्हते. कारण तसे यंत्र तेव्हा नुकते कुठे जन्माला येत होते. १९२४च्याच जुलै महिन्यात जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने माणसाच्या मेंदूतून येणारी विजेची सूक्ष्म स्पंदने पहिल्यांदा टिपली. त्याचा स्वतःच्या निष्कर्षावर पुरता विश्वास बसेना. पाच वर्षे तो तपासत राहिला आणि १९२९ साली त्याने लेख छापला. तरीही लोकांनी मान डोलावली नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तो प्रयोग करून दाखवला तेव्हा कुठे जगाला पटले. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला आठ ते तेरा वेळा उठणारी एक ठळक लय दिसते. डोळे उघडले किंवा मनातल्या मनात गणित घातले की ती मोडते. बर्गरने तिला ‘अल्फा’ म्हटले. पुढच्या सगळ्या कथेत ही अल्फा लहर पुन्हा पुन्हा येणार आहे.

खेळाडूंकडे वळण्याचा पहिला मोठा प्रयत्न याच्याही आधी, १९२१ साली न्यूयॉर्कमध्ये झाला होता. बेसबॉलचा राजा बेब रूथ याला एक पत्रकार कोलंबिया विद्यापीठाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत घेऊन गेला. छातीला नळी बांधून त्याचा श्वास मोजला, क्षणभर चमकणारी अक्षरे वाचायला लावली, प्रकाश दिसताच कळ दाबायला सांगितली, छोट्या भोकांत सळई घालायला लावली. रूथचा डोळा, कान आणि हात सामान्यांपेक्षा जलद चालतात, असा निष्कर्ष ‘पॉप्युलर सायन्स मंथली’ने गाजावाजा करून छापला. त्या चाचण्यांत एकच गोष्ट नव्हती. समोरून येणारा चेंडू.

ही उणीव भरून निघायला साठ-सत्तर वर्षे गेली आणि ती आपल्या लाडक्या खेळाने भरून काढली. १९८७ मध्ये ऑक्सफर्डच्या पीटर मॅक्लाऊड याने कसलेल्या क्रिकेटपटूंना अशा मॅटिंगवर फलंदाजी करायला लावली की जिच्याखाली लाकडी पट्ट्या दडवल्या होत्या. चेंडू टप्पा पडल्यावर कुठे वळेल हे कुणालाच सांगता येऊ नये म्हणून. वळलेल्या चेंडूकडे बॅट वळवायला या खेळाडूंनाही सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागला. म्हणजे तुमच्या-आमच्याइतकाच. टप्प्यानंतर उरलेला वेळ त्याहून कमी असेल तर फलंदाज कितीही मोठा असो, त्याचा मेंदू काही करू शकत नाही. मग तो खेळतो कसा? याचे उत्तर २००० साली मायकेल लँड आणि मॅक्लाऊड यांनी डोळ्यांवर छोटा कॅमेरा बसवून दिले. फलंदाज चेंडूवर डोळा खिळवून ठेवतच नाही. गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटताना पाहतो, मग नजर टप्पा जिथे पडणार तिथे आधीच उडी मारते आणि चेंडूची वाट बघते. फलंदाज जितका तयार, तितकी ही उडी लवकर. ‘चेंडूवर नजर ठेव’ असे नेटमध्ये ओरडणारे प्रशिक्षक पिढ्यानपिढ्या शिष्यांना जे सांगत आले, ते त्यांचे उत्तमोत्तम शिष्य करत नव्हते. सुदैवाने त्यांनी ते ऐकले नाही.

थोडक्यात, खेळाडूचा मेंदू जलद असतो ही समजूत मोडीत निघाली. त्याला पुढचे आधी दिसते, इतकेच. आणि ते ज्या खेळात दिसते त्याच खेळात दिसते.

लोणावळ्याकडे परत येऊ. १९५७ साली मेरियन वेंगर आणि बसुकुमार बागची हे दोन संशोधक अमेरिकेतून मेंदू, हृदय आणि श्वास मोजणारे फिरते यंत्र घेऊन भारतात आले. बागची मिशिगन विद्यापीठात मेंदूच्या विद्युत-आलेखांचे तज्ज्ञ, आणि तरुणपणी स्वतः संन्यासी राहिलेले. त्यांनी देशभर हिंडून योग्यांच्या डोक्याला तारा लावल्या. कैवल्यधामातही मोजमापे झाली. कुवलयानंद तेव्हा सत्तरी ओलांडलेले. आपल्या हयातीत मेंदूचे यंत्र आश्रमाच्या दारी आलेले त्यांनी पाहिले. १९६६ मध्ये ते गेले. दरम्यान १९६१ साली दिल्लीच्या एम्समध्ये बी. के. आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी आणखी एक नवल टिपले. ध्यानात बसलेल्या योग्यांची अल्फा लहर आवाजाने, प्रकाशाने, कशानेच मोडत नव्हती. त्यांच्यातल्या दोघांनी चार अंश सेल्सियसच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात बुडवून ठेवला तरी अल्फा तशीच चालू राहिली.

इथे एक खुलासा करायला हवा. अशा प्रयोगांत माणसे मोजकीच होती आणि अल्फा दिसली म्हणजे समाधी लागली असे सिद्ध होत नाही. झोपेच्या उंबरठ्यावरही मेंदूच्या लयी बदलतात. पण एक धागा हाती आला: सरावाने मेंदूचा गोंगाट कमी करता येतो आणि तो कमी झालेला यंत्राला दिसतो.

हा धागा खेळाच्या मैदानावर उचलला गेला तो १९८४ साली. ब्रॅड हॅटफिल्ड, डॅनियल लँडर्स आणि विल्यम रे या अमेरिकन संशोधकांनी अव्वल रायफल नेमबाजांच्या मेंदूचे आलेख घेतले. नेमबाजच का निवडले, याचे कारण अगदी व्यवहारी होते. कवटीवरून मिळणारी मेंदूची वीज व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागते. पापणी लवली, जबडा आवळला, मान वळली तरी स्नायूंची वीज तिला गिळून टाकते. धावणारा, उडी मारणारा, कुस्ती खेळणारा माणूस या यंत्राच्या कामाचा नाही. कबड्डीपटूचे तर विचारूच नका. चढाई करणाऱ्याने सलग तोंडाने बोलत राहावे असा नियम असलेला तो जगातला दुर्मीळ खेळ. त्याच्या डोक्यात काय चालते हे कुणालाही जाणून घ्यायला आवडेल, पण टोपी पहिल्याच पकडीत चटईवर पडेल. नेमबाज मात्र शेवटचे काही सेकंद पुतळ्यासारखा उभा असतो. आणि त्याचा निकाल मिलिमीटरमध्ये मोजता येतो. दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

चाप ओढण्याआधीच्या सात-आठ सेकंदांत या नेमबाजांच्या मेंदूत, कानाच्या वर डाव्या बाजूला, अल्फा वाढत गेलेली दिसली. त्या भागाचा भाषेशी आणि मनातल्या मनात स्वतःशी बोलण्याशी संबंध आहे असे मानले जाते. उजव्या बाजूला तसा बदल दिसला नाही. संशोधकांनी लावलेला अर्थ असा: ‘खांदा सैल ठेव, श्वास सोड, आता दाब’ ही आतली बडबड कसलेल्या नेमबाजात चाप ओढण्याआधी विझत जाते. पुढे १९९० मध्ये तिरंदाजांवर असाच प्रयोग झाला आणि बाण सुटण्याच्या क्षणाकडे जाताना डावी बाजू तशीच शांत होत गेली. (यातून ‘डाव्या मेंदूचे लोक, उजव्या मेंदूचे लोक’ अशी जी पुस्तके बाजारात आली, त्यांचा या संशोधनाशी काडीचाही संबंध नाही.) फिनलंडच्या संशोधकांना दिसले की अव्वल नेमबाज बहुतेकदा हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात चाप ओढतात. नेमबाजाला याची जाणीव नसते. शरीर आपले आपणच ती जागा शोधते.

सगळ्यांत बोलका प्रयोग १९९१चा आहे. लँडर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तयार होत असलेल्या तिरंदाजांना स्वतःच्या मेंदूची लय पडद्यावर दाखवून ती बदलायला शिकवले. काहींनी डावी बाजू शांत केली. त्यांचा नेम सुधारला. काहींना मुद्दाम उजव्या बाजूचे शिक्षण दिले, त्यांचा बिघडला. नुसती शांतता कामाची नव्हती, ती योग्य जागी हवी होती.

महाराष्ट्रात हाच प्रश्न हाताळणारा माणूस या सगळ्या यंत्रांपासून दूर, नाशकात बसला होता. भीष्मराज बाम. भारतीय पोलीस सेवेतले अधिकारी, महानिरीक्षक पदावरून निवृत्त झालेले आणि स्वतः नेमबाजी केलेले. पोलिसाला पिस्तूल हाती असताना मन ताब्यात ठेवावे लागते ते पदकासाठी नसते. बामांच्या शिकवणीत ही पोलिसी शिस्त कायम जाणवत राही. निवृत्तीनंतर त्यांनी खेळाडूंच्या मनाची तालीम हेच काम मानले. अंजली भागवत आणि त्यांच्या पिढीतले नेमबाज, बिलियर्ड्सचे गीत सेठी, बुद्धिबळातले अभिजित कुंटे, क्रिकेटमधले राहुल द्रविड अशी त्यांच्याकडे सल्ल्याला गेलेल्यांची यादी लांबलचक आहे. त्यांच्याकडे तारांची टोपी नव्हती. पातंजल योगसूत्रे होती, श्वासाचे साधे व्यायाम होते, डोळे मिटून संपूर्ण सामना मनात खेळून घेण्याचा सराव होता आणि प्रत्येक फटक्याआधी किंवा प्रत्येक गोळीआधी त्याच क्रमाने तेच करायची सवय लावण्याचा आग्रह होता. ‘विजयाचे मानसशास्त्र’ हे त्यांचे पुस्तक मराठीत आले तेव्हा या विषयावर मराठीत वाचायला दुसरे फारसे नव्हते.

बामांची पद्धत आणि अमेरिकन आलेख शेजारी शेजारी ठेवले की मला एक गोष्ट फार लक्षणीय वाटते. ते खेळाडूला ‘विचार करू नकोस’ असे सांगत नसत. असे सांगितलेला माणूस हमखास विचार करतो. ते त्याला दुसरे काहीतरी करायला देत. श्वास मोज, ठरलेला क्रम पाळ. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक यांनी गोल्फवर केलेले प्रयोग याच्याशी जुळतात. नवशिक्याला प्रत्येक पायरीकडे लक्ष द्यायला लावले तर त्याचे काही बिघडत नाही; कसलेल्या खेळाडूला तसे करायला लावले तर तो चुकू लागतो. हातात मुरलेली गोष्ट पुन्हा शब्दांत आणली की ती अडखळते. मोठ्या स्पर्धेच्या दडपणाखाली हेच घडते. हातांना येत असलेले काम डोके हिसकावून घेऊ पाहते.

बाम शिकवत होते त्या काळात महाराष्ट्राच्या मुलींनी नेमबाजीत जे केले ते आकड्यांत पाहावे असे आहे. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या आणि २००२ मध्ये म्युनिकला ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ ठरल्या. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले. चाळीस गोळ्या आणि चाळीसही त्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. दीपाली देशपांडे ऑलिंपिक खेळल्या आणि मग प्रशिक्षक झाल्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक घेतले. या यशाचे श्रेय एका बामांना देणे चूक होईल. तांत्रिक प्रशिक्षक होते, रेंज होत्या, रेल्वेच्या नोकऱ्या होत्या. पण ‘मनाचाही सराव करावा लागतो’ हे वाक्य मराठी खेळाडूंच्या तोंडी रुळले, त्यात बामांचा वाटा मोठा. २०१७ साली त्यांचे निधन झाले.

नाशिकला आणखी एक परंपरा वाढत होती, लांब पल्ल्याच्या धावण्याची. प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याकडे आदिवासी पाड्यांवरची मुले-मुली येऊ लागली. हरसूलकडच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. नंदुरबार जिल्ह्यातून आलेला किसन तडवी याच वाटेने राष्ट्रीय पातळीवर पोचला. धावपटूच्या मेंदूबद्दलही गेल्या शतकात एक मोठा वाद झाला, आणि त्याचेही मूळ १९२४ मध्येच सापडते. ए. व्ही. हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तेव्हा सुचवले होते की शरीर पूर्ण थकण्याआधीच कुठलातरी अंतर्गत नियंत्रक वेग कमी करायला लावतो. ही कल्पना विस्मरणात गेली. दक्षिण आफ्रिकेच्या टिम नोक्स यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस ती पुन्हा वर काढली आणि तो नियंत्रक मेंदूत बसवला. ते सगळ्यांना पटलेले नाही. पण २००९ मध्ये सॅम्युएल मार्कोरा यांनी केलेला प्रयोग विसरता येत नाही. माणसांना दीड तास संगणकावर डोके शिणवणारे काम दिले आणि मग सायकलवर बसवले. हृदय, स्नायू, रक्त सगळे जागच्या जागी. तरी ती नेहमीपेक्षा सुमारे पंधरा टक्के आधीच थांबली. त्यांना सायकल जड वाटत होती, एवढेच. पहाटे पाणी भरून, शेतात राबून आणि मग परीक्षेची चिंता डोक्यात घेऊन ट्रॅकवर उतरणाऱ्या पाड्यावरच्या मुलीचा विचार या प्रयोगाच्या उजेडात करून पाहावा.

आणि आता सातपुडा. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्यातले अक्राणी आणि अक्कलकुवा हे तालुके डोंगरातले, भिल्ल आणि पावरा वस्तीचे. तीरकामठा इथे पिढ्यानपिढ्या घरातली वस्तू राहिला. शिकारीला, राखणीला, लग्नात, सणात. त्यामुळे वर्तमानपत्रांतून एक वाक्य वारंवार वाचायला मिळते: धनुर्विद्या यांच्या रक्तातच आहे. वाक्य कौतुकाचे असते, पण मला ते कधी आवडले नाही. रक्तातच असेल तर शिकवण्याची जबाबदारी कुणावरच येत नाही.

भारत सरकारने या रक्तावर एकदा डावही लावला होता. ऐंशीच्या दशकात क्रीडा प्राधिकरणाने ‘स्पेशल एरिया गेम्स’ योजना काढली आणि निवड करणारे लोक आदिवासी भागांत तिरंदाज शोधत हिंडले. राजस्थानात उदयपूरच्या डोंगरात लिंबाराम सापडला. तो तीन ऑलिंपिक खेळला. बांबूचे धनुष्य वापरणारा मुलगा जगाच्या पातळीवर पोचतो हे त्याने दाखवले. मात्र तो तिथे पोचला तो निवडीनंतर वर्षानुवर्षे आधुनिक धनुष्य ओढून. योजनेच्या कौतुकात ही वर्षे गाळली जातात.

कारण दोन्ही धनुष्ये मेंदूला वेगवेगळे काम देतात. डोंगरातला बाण हलत्या सावजावर, जवळून, झटकन सुटतो. ऑलिंपिकचे लक्ष्य सत्तर मीटरवर असते. मधला दहा गुणांचा भाग १२.२ सेंटिमीटर व्यासाचा. धनुष्यावर साईट असते, दांड्यांचा तोल असतो आणि ‘क्लिकर’ नावाची पातळ पट्टी असते. बाण ठरलेल्या लांबीपर्यंत ओढला गेला की ती टक् असा आवाज करते आणि त्या आवाजावर बोटे सुटली पाहिजेत. वैयक्तिक सामन्यात एका बाणाला वीस सेकंद मिळतात. सावज समोर दिसताच सुटणारी बोटे इथे आवाजाची वाट बघायला शिकवावी लागतात. अमेरिकेत हॅटफिल्डच्या गटाने २००० मध्ये तरबेज नेमबाज आणि नवशिके यांची तुलना केली होती. नेम धरताना तरबेजांचा मेंदू कमी खटपट करत होता. पण शब्दांची किंवा आकृत्यांची कोडी सोडवताना दोन्ही गटांत फरक उरला नाही. ती मितव्ययता त्या एका कामापुरती कमावलेली होती. लँडर्सच्या गटाने नवशिक्यांना काही आठवडे तिरंदाजी शिकवली, तेव्हा आधी न दिसणारी डाव्या बाजूची शांतता त्यांच्यातही दिसू लागली. जन्मजात असती तर ती आधीपासून असायला हवी होती.

अंगठ्याची गोष्टही इथे आठवते. भिल्ल तिरंदाज एकलव्याच्या स्मरणार्थ दोरीला अंगठा लावत नाहीत असे सांगितले जाते. ऑलिंपिकमधले तिरंदाजही तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तीन बोटांनीच दोरी ओढतात. अंगठ्याने ओढण्याची पद्धत तुर्की आणि मंगोल परंपरेतली. द्रोणाचार्यांनी आजच्या ऑलिंपिक स्पर्धकाकडे अंगठा मागितला असता तर त्याने धनुष्य ओढणे थांबवले नसते.

२०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला जागतिक स्पर्धा झाली. कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या प्रकारात महिलांचे वैयक्तिक सुवर्ण सातारा जिल्ह्याच्या सतरा वर्षांच्या अदिती स्वामीने आणि पुरुषांचे नागपूरच्या ओजस देवतळेने मिळवले. ओजसचे अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण होते. दोघांनाही साताऱ्यात प्रवीण सावंत यांनी घडवलेले, उसाच्या शेताला लागून असलेल्या मैदानावर. साताऱ्याच्या ऊसपट्ट्याला धनुष्याचा कुठलाही वारसा नाही. तिथे होता प्रशिक्षक, होती रोजची शेकडो बाणांची सवय आणि घरापासून सायकलवर जाता येईल असे मैदान. अक्राणीतल्या धडगावच्या मुलाकडे वारसा आहे. स्पर्धेच्या दर्जाचे एक धनुष्य लाखाच्या घरात जाते, आणि ते हातात आले तरी रोज त्याच वेळी, त्याच अंतरावरून, कुणाच्या तरी नजरेखाली ते ओढायला जागा लागते. डाव्या कानाच्या वरची ती शांतता त्याच्या डोक्यातही तेवढ्याच बाणांनी उतरेल.